दिसू शकतं, पण बघायचं नाही

सलूनमध्ये आपला नंबर येईपर्यंत बाकड्यावर पडलेलं वर्तमानपत्र चाळता येतं. आपण आधी खेळाचं पान उघडलं की राशिभविष्य, कुठल्या बातमीवर रेंगाळलो, कुठली जाहिरात दोनदा पाहिली, याची नोंद कुठेही होत नाही. आपण वर्तमानपत्र वाचतो. वर्तमानपत्र आपल्याला वाचत नाही. छापील कागदाचा हा गुण इतका अंगवळणी पडलेला होता, की त्याला वेगळं नाव द्यावं असंही कुणाला वाटलं नसावं. तो नाहीसा व्हायला लागला तेव्हा त्याची किंमत कळायला लागली.

समाजमाध्यमांवर वाचणं हा दोन्ही बाजूंनी चालणारा व्यवहार आहे. ट्विटरने, म्हणजे आताच्या एक्सने, मार्च २०२३ मध्ये आपल्या शिफारस-यंत्रणेचा काही भाग स्वतःच जाहीर केला. कोणती पोस्ट वर दाखवायची हे ठरवताना ती यंत्रणा जे अंदाज बांधत होती, त्यातला एक असा होता : हा वाचक या संभाषणात शिरून तिथे किमान दोन मिनिटं थांबेल का? म्हणजे लाइक केलं नाही, उत्तर दिलं नाही, तरी नुसतं थांबणंही हिशोबात येतं. आपण कशापाशी थांबतो हे पुष्कळदा आपल्यालाही नंतर कळतं. ते आपल्याआधी दुसऱ्या कुणाला कळत असेल, तर त्यात काहीतरी बिघडलेलं आहे असं मला वाटतं.

कुणी बघत नसताना वाचण्याचा माणसाला हक्क आहे का? आणि असेल, तर तो इतरांना मिळवून द्यायला जो पुढे होतो, त्याच्यावर कोणतं बंधन येतं? यातला दुसरा प्रश्न मला जास्त अवघड वाटतो. गेलं दीड वर्ष तो पुढे झालेला माणूस मी आहे.

आधी यंत्राबद्दल थोडं. निटर नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते आपल्या सर्व्हरवर बसवायचं. मग आपला ब्राउझर ट्विटरकडे जातच नाही. तो निटरला विचारतो, निटर ट्विटरला विचारतो, आलेला मजकूर आणि चित्रं घेऊन साधं पान बनवतो आणि आपल्या हातात देतो. त्या पानावर जाहिराती नसतात, पाळत ठेवणारी स्क्रिप्ट नसते, 'तुम्हाला हेही आवडेल' नसतं. यूट्यूबसाठी असंच इन्व्हिडियस आहे, रेडिटसाठी रेडलिब आहे. याला फ्रंट-एंड म्हणतात. मी घरच्यांना समजावताना वाण्याचं उदाहरण देतो. आपण स्वतः दुकानात न जाता शेजारच्या पोराला यादी देऊन पाठवायचं. वाण्याला पोरगा दिसतो, आपण दिसत नाही.

हा पोरगा गेली काही वर्षं जरा अडचणीत आहे. ट्विटरने फेब्रुवारी २०२३ मध्ये बाहेरच्या प्रोग्रामरांसाठीची फुकट सोय बंद करत असल्याचं जाहीर केलं. ३० जून २०२३ रोजी खात्यात शिरल्याशिवाय काहीही वाचता येईना. पुढे सुटी पोस्ट उघडू लागली, पण कुणाचं पान सलग वाचायचं तर खातं हवंच. निटर काही महिने पाहुण्या खात्यांच्या आडवाटेने चालत राहिलं, तीही वाट २०२४ च्या सुरुवातीला बुजली. आता ते चालवायचं तर मागे एक खरं खातं लागतं. हे कंपनीच्या अटींत बसत नाही आणि ते खातं कधीही बंद होऊ शकतं. पण पोलीस, महापालिका, रेल्वे, हवामान खातं आपल्या सूचना याच चव्हाट्यावर लावतात. चव्हाट्यावरचा फलक वाचायला आधी नाव-गाव-फोन नंबर लिहून द्या, असं कुणी म्हणालं तर ती अट मोडण्यात मला फार मोठा अधर्म वाटत नाही. शर्मिलेपणाने नव्हे, विचार करून मी ते खातं माझ्या नावावर काढलं.

बसवणं एका संध्याकाळचं काम होतं. महिन्याला पाचशेच्या आत भाडं असलेला एक छोटा सर्व्हर, त्यावर डॉकर, निटर, त्याचा साठा ठेवायला रेडिस, पुढे दारवान म्हणून एन्जिनएक्स आणि फुकट मिळणारं सुरक्षा-प्रमाणपत्र. हे मला कॉलेजात आणि नंतर नोकरीत शिकायला मिळालं होतं. लॉग कसा वाचायचा हेही त्यातच आलं. लॉग कधी वाचू नये हे मात्र चार वर्षांतल्या एकाही पेपरात नव्हतं.

सुरुवातीला सर्व्हर फक्त माझ्यासाठी होता. पण एकट्यापुरता निटर चालवण्यात एक गंमत आहे. पोरगा जर एकाच घरासाठी वाणसामान आणत असेल, तर वाण्याला ते घर ओळखायला कितीसा वेळ लागणार? माझ्या सर्व्हरचा पत्ता ठरलेला, मागचं खातं ठरलेलं, आणि त्यावरून वाचणारा मी एकटा. म्हणजे ट्विटरच्या दृष्टीने ते वाचन माझंच राहिलं. स्क्रिप्ट गेली, रेंगाळण्याची नोंद गेली, हे खरं. पण लपणं साधलं नाही. लपायला गर्दी लागते. आपण खासगीपणा म्हटलं की बंद खोली डोळ्यांसमोर आणतो. इथे मात्र मला खासगीपणा हवा असेल तर सोबत माणसं हवीत, आणि त्यांना हवा असेल तर मी हवा. म्हणून मी सर्व्हर इतरांना खुला केला. कॉलेजातले मित्रमैत्रिणी, एक मावसभाऊ, असे आम्ही आठ-नऊ जण झालो.

आणि त्याच दिवशी पाळतीचा प्रश्न कंपनीकडून माझ्याकडे आला. वाण्याला आता कळत नव्हतं की कोणती वस्तू कुणाच्या घरी जाते. पोराला सगळ्या घरांच्या याद्या पाठ होत्या.

हे नुसतं तात्त्विक नाही. सुरक्षा-प्रमाणपत्र घेतलं की सर्व्हरचा पत्ता एका जाहीर नोंदवहीत चढतो. खोटी प्रमाणपत्रं पकडता यावीत म्हणून ती व्यवस्था आहे. पण त्यामुळे 'गुप्त' सर्व्हरच्या दारावर काही मिनिटांत बॉट थापा मारायला लागतात. मग पासवर्ड लावावा लागतो. प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड दिला, की एन्जिनएक्सच्या लॉगमध्ये प्रत्येक ओळीत ते नाव छापून येतं : अमुकने, अमुक वाजता, अमुक पान उघडलं. परक्यांना बाहेर ठेवायचं तर आपल्यांची ओळखपरेड करावी लागते. मी सगळ्यांना मिळून एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला आणि तो लॉग बंद केला. पण काही बिघडलं की जो वेगळा चुकांचा लॉग लिहिला जातो, तो दुरुस्तीसाठी लागतोच, आणि त्यातही विचारणाऱ्याचा पत्ता आणि मागितलेलं पान असतं. रेडिसमध्ये उघडलेल्या काही प्रोफाइलची माहिती काही काळ राहते. त्यात नाव नसतं, पण आठ माणसांत बुद्धिबळपटूंची पानं कोण उघडतं हे ओळखायला गुप्तहेर लागत नाही. मी जितकी दारं लावली, तितकं मला कळत गेलं की शेवटचं दार लावताच येत नाही. पान आणून द्यायचं तर कोणतं पान हवं हे सर्व्हरला कळावंच लागतं.

गेल्या पावसाळ्यात मावशीच्या यजमानांचा फोन आला. त्यांचा मुलगा, माझा मावसभाऊ, पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. वय एकवीस.

"अरे, ते ट्विटरचं तुझ्याच मशीनवरून जातं ना त्याचं?"

"हो काका."

"मग बघ की जरा. अभ्यासाचं काही वाचतो का नुसतं राजकारण वाचत बसतो. मी काही बोलणार नाही त्याला. फक्त मला कळू दे."

"काका, मला दिसत नाही ते."

"दिसत नाही म्हणजे? तुझंच आहे ना ते?"

काका जुलमी नाहीत. घरचं एक वावर विकून त्यांनी मुलाच्या खोलीचं भाडं आणि क्लासची फी भरली आहे. दोन वर्षं निकाल नाही. त्यांच्या विचारण्यात कुतूहल कमी आणि धास्ती जास्त होती. म्हणूनच त्यांचं शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. तुझंच आहे ना ते. ज्याची वस्तू, त्याला त्यातून जाणारं सगळं बघायचा हक्क. आणि बघायचं ते समोरच्याच्या भल्यासाठी. कंपन्यांचा युक्तिवाद याहून वेगळा नसतो. सर्व्हर आमचा आहे आणि तुमचा अनुभव सुधारावा म्हणून आम्ही बघतो. कंपनीच्या तोंडी हे ऐकलं की मला चीड येते. काकांच्या तोंडी ऐकलं तेव्हा आली नाही. पण युक्तिवाद तोच होता, आणि त्याचं उत्तर माणूस बघून बदलायला नको होतं.

'दिसत नाही' हे माझं उत्तर त्या क्षणी खरं होतं. लॉग बंद होता. पण ते दिसत नव्हतं कारण न बघण्याचं मी ठरवलं होतं, आणि ठरवलं तर दुसऱ्या दिवसापासून दिसलं असतं. आपल्या घरांमध्ये 'करणार नाही' म्हणणं उद्धटपणा ठरतो. 'होत नाही' म्हटलं की भागतं. यंत्र त्यासाठी फार सोयीचं असतं. नकार मी द्यायचा आणि सही यंत्राची घ्यायची.

म्हणून मी काकांना पुन्हा फोन केला. सांगितलं, "काका, खरं सांगायचं तर सोय करता येईल. पण मी करणार नाही. त्याने मला विश्वासाने वापरायला घेतलंय." ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बरं. मी त्याच्याशीच बोलतो." मग मी भावालाही सांगितलं, कारण त्याच्यापासून हे लपवणं म्हणजे तीही एक प्रकारची पाळतच. त्याने सगळं ऐकून एकच विचारलं, "दादा, म्हणजे तू ठरवलंस तर तुला दिसू शकतं?" मी हो म्हणालो. त्यानंतर तो माझा सर्व्हर वापरतो की नाही, मला माहीत नाही. सर्व्हर नीट चालत असल्याची ती एक खूण आहे.

आम्हा इंजिनिअर लोकांना 'करणार नाही'पेक्षा 'करता येणार नाही' जास्त आवडतं. ते बरोबरही आहे. माणसाचा निश्चय ढळतो. एखाद्या दिवशी समोर काका नसून नोटीस घेऊन आलेले पोलीस असतील, किंवा भांडण झालेला मित्र आणि रागावलेला मी. सिग्नलसारख्या निरोपसेवेत मजकूर दोन टोकांनाच उलगडतो, मधल्या सर्व्हरला वाचताच येत नाही. तिथे निश्चयावर विसंबायची गरज कमी पडते. फ्रंट-एंडमध्ये ती सोय नाही. इथे माझा शब्द हीच भिंत आहे. निटरचा एजीपीएल परवाना सांगतो की कोडमध्ये बदल करून तो नेटवरून लोकांना वापरायला दिलास, तर बदललेला कोडही त्यांना द्यायला हवा. माझ्या नोंदवहीबद्दल परवाना काही सांगत नाही, आणि सांगूही शकत नाही.

मग माझ्यात आणि कंपनीत फरक काय? पहिला फरक हेतूचा. बघण्यावर कंपनीचं उत्पन्न अवलंबून आहे, माझं नाही. हा मोठा फरक आहे. पण दुसरा फरक माझ्या विरुद्ध जातो. कंपनीला तुम्ही एक आकडा आहात. मला तुम्ही माझा मावसभाऊ आहात. वाड्यात राहिलेल्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. कुणाकडे कोण आलं, कुणाचं पत्र आलं, कुणाची सून माहेरी गेली, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असायचं. शहराने त्यातून सुटका दिली ती अनोळखी माणसांच्या गर्दीमुळे. ओळखीच्या आठ माणसांचा सर्व्हर म्हणजे पुन्हा वाडाच. समजा, एखादी मुलगी घटस्फोटाबद्दल वाचते आहे, किंवा एखादा मुलगा आपल्याला मुलीच आवडत नाहीत हे समजून घेतो आहे. तिला किंवा त्याला परदेशातल्या कंपनीपेक्षा नात्यातल्या दादाची नजर जास्त महागात पडू शकते. स्वतःच्या सर्व्हरची तरफदारी करणारे आम्ही लोक हे पुरेसं बोलत नाही.

तिसरा फरक कायद्याचा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला. पण एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला तो लागू होत नाही. माझा सर्व्हर त्या सवलतीत बसतो की नाही यावर वकील वाद घालतील. एवढं मात्र दिसतं, की कंपनीला जाब विचारायला निदान कागदावर तरी एक जागा आहे. मला जाब विचारायला माझ्याखेरीज फारसं कुणी नाही.

इंजिनिअरपेक्षा ग्रंथपालांनी या प्रश्नावर जास्त विचार केला आहे. अमेरिकेत २००१ च्या पेट्रियट कायद्याने वाचकांच्या नोंदी मागवण्याचा सरकारचा अधिकार वाढवला, तेव्हा तिथल्या ग्रंथपालांनी उघड विरोध केला. काही ग्रंथालयांनी जुन्या नोंदी नष्ट करायला सुरुवात केली. पुस्तक परत आलं की ते कुणी नेलं होतं ही नोंदच ठेवायची नाही. त्याआधी १९८७ मध्ये तिथे एक उद्बोधक प्रकार घडला होता. रॉबर्ट बोर्क यांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी पुढे आलं असताना वॉशिंग्टनमधल्या एका साप्ताहिकाने त्यांच्या घरी भाड्याने नेलेल्या व्हिडिओ कॅसेटची यादीच छापली. यादीत सनसनाटी काही नव्हतं. तरी राजकारणी हादरले आणि १९८८ मध्ये व्हिडिओ दुकानांच्या नोंदींना संरक्षण देणारा कायदा झाला. यादी निरुपद्रवी होती म्हणून ती छापणं निरुपद्रवी ठरलं नाही. 'लपवण्यासारखं काही नाही तर भ्यायचं कशाला' याला त्या प्रकरणाइतकं चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही.

एक आक्षेप राहतो : हा फुकटेपणा नाही का? जाहिरात गाळून मजकूर घेणं म्हणजे बिल न देता जेवून उठणं. आक्षेप पोकळ नाही. माझा राग जाहिरातीवर नाही. सलूनमधल्या वर्तमानपत्रातही जाहिराती होत्या. त्या वाचणाऱ्याची माहिती न घेता छापल्या जात होत्या आणि तरी वर्तमानपत्रं चालत होती. पण फ्रंट-एंड पाळत गाळताना जाहिरातही गाळतो, त्यामुळे काही देणं अंगावर राहतंच. ज्यांचं लेखन किंवा व्हिडिओ मी असे नियमित बघतो, त्यांच्यातल्या दोघा-तिघांना मी वर्गणी पाठवतो. याने हिशोब पुरता फिटतो असं मी म्हणणार नाही. सरकारी सूचनांच्या बाबतीत मात्र मला कुणाचं देणं लागत नाही.

मग हे बंद करावं का? मी चालू ठेवलं आहे, पण ते काय आहे हे लोकांना सांगून. ज्याला माझ्या नजरेपासूनही दूर राहायचं असेल, त्याला मी टॉर ब्राउझर वापरायला सांगतो. त्यात मागणी तीन टप्प्यांनी जाते. कुणी विचारलं हे पहिल्याला ठाऊक असतं, कुठे जायचं हे शेवटच्याला, आणि दोन्ही एकत्र कुणालाच नाही. एका विश्वासू पोरापेक्षा अर्धं-अर्धं माहीत असलेली तीन पोरं बरी. ते संथ आहे, पुष्कळ साइटी त्याला दार लावतात, आणि राशिभविष्य वाचायला कुणी एवढा खटाटोप करणार नाही. रोजच्या वाचनासाठी कुणीतरी न बघणारं माणूसच लागतं.

माझ्या पानाच्या तळाशी आता चार ओळी आहेत. हा सर्व्हर मी चालवतो. तुम्ही काय वाचता हे मी बघत नाही, पण ठरवलं तर बघू शकतो. चुकांचा लॉग दर रात्री आपोआप पुसला जातो. जे मला कधीच कळू नये असं वाटतं, ते इथे वाचू नका.

या ओळी लावल्यावर दोघांनी सर्व्हर सोडला. त्यातल्या एका मैत्रिणीने तसं कळवलं आणि आभारही मानले. दुसरं कोण, ते मी शोधलं नाही.